इंटरव्हलनंतरचं

प्रिय श्रीहर्षा,

धारवाडचं तिकीट असून अलीकडे उणकललाच उतरलो. तळ्याकाठी बसून लिहितोय. सुभाष रोडला दुकान घेतलंय, ये, दोघं मिळून चालवू, असा तुझा फोन आला आणि मी कारवारचं बोटीवरचं काम सोडून सॅक भरली. त्याआधी सांगलीत होतो, एका सर्कशीच्या तंबूवर... ते राहू दे.

बसमध्ये मारधाडीचा कन्नड पिक्चर लावला होता. पहिल्याच सीनला ओळखला. आठवतं ना, एका तिकिटात आपण दोघं? इंटरव्हलपर्यंत मी, मग अर्धं तिकीट तुझ्या हातात. पुढचं तू बघायचास आणि बाहेर मिरची-भजी खात मला सांगायचास, गोळ्यांच्या आवाजासकट. आज बसमध्ये शेजारच्या अक्कांच्या मांडीवर फणस होता, प्रत्येक गोळीला त्या फणस गच्च धरायच्या. असो.

या पिक्चरच्या दिवशी मात्र तू भजीला हात लावला नाहीस. हिरो बंदरावरून पळताना त्याचा दोस्त मधे येतो, गोळी झेलून मरतो, एवढंच सांगितलंस. मी रडलो होतो लेका. दुसऱ्या दिवशी मी आणि सावनी बेळगावला विहारात लग्न करणार होतो. वेगवेगळ्या बसनं जायचं ठरलं होतं, आणि हे फक्त तुला सांगितलं होतं. सकाळी तू तुझा नवा पिवळा शर्ट घेऊन आलास. "लग्नाला असला विटका शर्ट घालतात काय रे?" म्हणालास, आणि बटणंही तूच लावलीस.

बेळगाव स्टँडवर तिचे मामा गर्दीतून सरळ माझ्याकडे आले. मला कधी पाहिलेलं नसताना. कसं मारलं ते तुला माहीत आहे. सावनी आलीच नाही. मला वाटलं, तीच घरी फुटली. तेव्हापासून गावोगाव तिलाच शिव्या देत फिरलो, एकदाही फोन केला नाही.

आज शेवट बघितला. दोस्त गोळी झेलत नाही रे. तो स्वतःचं लाल जाकीट हिरोला घालतो, गार आहे म्हणतो. बंदरावरची माणसं लाल जाकीट शोधत येतात. दोस्त लांब दिव्याखाली उभा.

उद्याच्या उद्घाटनाला घालायला तुझा तोच पिवळा शर्ट जपून आणला होता. पत्राबरोबर पाठवतोय. दुकान तूच चालव. आपल्या नियमानं इंटरव्हलनंतरचं सांगायचं काम तुझं. मला नको, मळमड्डीत सावनीच्या घरी जाऊन तिला सांग. या वेळी शेवट बदलू नकोस.

तुझाच, दुसरं काही लिहायची सवय नाही म्हणून,
धम्मपाल