ह्यांची डावी बाजू

३ मार्च
खाट फिरवली. आता ह्यांची उजवी बाजू भिंतीला, डावी दाराकडं. लातूरचे डॉ. म्हणाले, झटक्यानंतर डोळे शाबूत आहेत, मेंदू डावीकडचं जग विसरलाय. त्याला पुन्हा शिकवायचं. पाणी, रेडिओ, बोलणं, सगळं डावीकडून. उजवीकडून जायचंच नाही. मी बरं म्हणाले. रडू आलं नाही. काहीच आलं नाही.

५ मार्च
ताटही उलटं वाढते. भाजी डावीकडं, चटणी-मीठ उजवीकडं. ह्यांनी चटणीशीच भाकरी संपवली. "भाजी न्हाई केलीस का?" भिंतीला विचारलं. "आहे. मान वळवा." वळवली नाही. भाजी मीच खाल्ली.

९ मार्च
पाण्याचा टँकर नाही. तरी औशात जो तो लातूरच्या नव्या जिल्ह्याच्या गप्पा मारतोय. ह्यांच्या ऑफिसातले दोघं आले. "सायेब, लातूरला कलेक्टर हाफिसात तुमची खुर्ची पक्की." हे भिंतीकडं बघून हसले. दोघं चहा न घेताच उठले.

१४ मार्च
बिलोलीहून शांताताई, ह्यांची थोरली बहीण. ताट बघून भडकल्या. "जित्या माणसाला असं वाढतेत का गं? काय हाय तुझ्या मनात?" ताट गर्रकन फिरवलं. ह्यांनी भाजी चाटूनपुसून खाल्ली. मग ताईंनी शेजारच्यांना बोलावून खाटही फिरवून घेतली. डॉ. काय म्हणाले ते सांगितलं, ऐकतंय कोण. राग यायला हवा होता. घागरी घेऊन रांगेत जाऊन बसले.

१५ मार्च
ताई सकाळच्या गाडीनं गेल्या. त्यांना सोडून दारात आले, तर हे लगेच, "आलीस? इतके दिवस कुठं होतीस गं?"
इतके दिवस! मी हाताच्या अंतरावर होते.
बरं वाटलं. लई बरं वाटलं. दिवसभर उजवीकडंच बसले. ह्यांनी जुन्या साहेबाची नक्कल करून दाखवली. चहात साखर कमी म्हणून मला बोलले. खाटेचं उद्या बघू.

१६ मार्च
आजही उद्याच.

१८ मार्च
फिरवली. एकटीनंच, ओढत ओढत. हे विचारत राहिले, "काय करायलीस?" भिंतीला पार चिकटवली, उजवीकडं जायला बोटभर फटही ठेवली नाही. माझाच मला भरवसा नाही.
डावीकडं स्टूल घेऊन बसलेय.
"गेलीस का गं?" भिंतीला विचारतात.
"हाय. इकडं हाय."
मान जराशी हलते, थांबते. पुन्हा विचारतात.