खालचा मजला ढोलपथकाला

घडले ते क्रमाने:

१. माझे वडील जगन्नाथ टेंबे रेल्वेत इंजिन चालवत. निवृत्त होईपर्यंत त्यांचे कान बारीक आणि उंच आवाजांपुरते गेले. माणसाचं बोलणं त्यांना जवळजवळ ऐकू येत नाही. कानाच्या यंत्राने फरक पडला नाही. आम्ही त्यांच्याशी पाटीवर लिहून बोलतो. खालचे, जड आवाज मात्र त्यांना ऐकू येतात.

२. दोन वर्षांपूर्वी मी झाशीच्या नगरा भागातल्या आमच्या घरी, खालच्या बैठकीत, होम थिएटर बसवलं. सबवूफर, म्हणजे जड आवाजांचा डबा, बाबांच्या दिवाणाच्या उशाशी ठेवला आणि त्यांच्याच जागेसाठी जुळवला. बाबा पुन्हा सिनेमा बघू लागले.

३. गेल्या दिवाळीआधी माझा भाऊ कौशिक आणि वहिनी देविका यांनी टीव्हीसाठी नवं कपाट करून घेतलं आणि सबवूफर टोकाच्या भिंतीला, त्या कपाटाच्या खणात सरकवला.

४. बाबांच्या जागेवर आवाज पोचेना. बाबांनी विचारलं, "डबा बंद आहे का रे?" कौशिकने पाटीवर लिहिलं, "चालू आहे. वय झालं, बाबा."

५. मी दोनदा सबवूफर पुन्हा दिवाणाजवळ आणला. दोन्ही वेळा पुढच्या रविवारी तो कपाटात होता.

६. बाबा आता बैठकीत बसत नाहीत.

या कारणांवरून मी, आभा जगन्नाथ टेंबे, वय एकोणतीस, अविवाहित, राहणार सिविल लाइंस, झाशी, माझ्या पश्चात काय व्हावं ते लिहून ठेवते. आवाज मोजणं हे माझं शिक्षण आणि नोकरी आहे. आज प्रकृती ठीक, बुद्धी शाबूत, रागही शाबूत. कोणी भरीला घातलेलं नाही. याआधी असा कागद केलेला नाही.

मला मरणाची घाई नाही. पण दादाला काही तोंडी सांगितलं की तो मोबाइलमधून मान वर न काढता "हाँ हाँ, देखता हूँ" म्हणतो, आणि पत्र लिहिलं तर वहिनी आधी वाचते. मालमत्तेचा कागद मात्र तो शेवटच्या ओळीपर्यंत, बोट फिरवत वाचतो. विम्याच्या धंद्यात आहे, सवय आहे. म्हणून हा मार्ग घेतला.

कलम पहिले. बाबांनी बक्षीसपत्राने नगऱ्याच्या घराचा वरचा मजला कौशिकला आणि खालचा मला दिला आहे. गेल्या गणपतीत पाहुण्यांसमोर कौशिक म्हणाला, "आभाचं काय, लग्न ती करणार नाही. नीचे का हिस्सा घूम-फिर के अपने बच्चों का ही है." मी तेव्हा मोदक वाढत होते. आता बोलते. खालच्या मजल्यावर बाबा हयातभर राहतील, त्यांना कोणी उठवू नये. बाबांच्या आणि माझ्या पश्चात तो मजला आमच्या मराठी मंडळाच्या ढोलपथकाला, सरावाची जागा म्हणून, कायमचा द्यावा. सराव बैठकीतच करावा. कौशिकची निजायची खोली बरोबर त्या बैठकीवर आहे. जड आवाज पडदे, गाद्या किंवा बंद दारं यांनी अडत नाही. मधला स्लॅब काय अडवतो आणि काय नाही ते मी मोजून पाहिलं आहे. फार काही अडवत नाही.

कलम दुसरे. सबवूफर माझ्या पैशाने घेतलेला आहे. तो बाबांना. त्याची जागाही बाबांना. या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, आणि का ते लिहिते, कारण ते कौशिकने कधी पुरतं ऐकून घेतलं नाही.

सबवूफर कुठे ठेवायचा ते डोळ्यांनी ठरत नाही. आधी तो ऐकणाऱ्याच्या जागेवर ठेवतात आणि स्वतः भिंतीकडेने फिरत, खाली वाकून, कुठे आवाज भरीव लागतो ते शोधतात. जिथे लागतो तिथे डबा, आणि डब्याच्या जागी माणूस. मी डबा बाबांच्या दिवाणावर ठेवला आणि मायक्रोफोन हातात धरून अख्खी बैठक रांगून काढली. वहिनी दारात उभी राहून फोनवर बहिणीला सांगत होती, "अरे हमारी ननदजी घुटनों के बल घूम रही हैं. नाप-तौल विभाग से आई हैं!" बाबा खुर्चीत बसून हसत होते. त्यांना शब्द ऐकू आले नव्हते, मी रांगताना दिसत होते एवढंच.

मग बाबांना दिवाणावर बसवलं. डबा उशाशी. अगदी खालच्या सुरापासून हळूहळू चढत जाणारा आवाज लावला आणि पाटीवर लिहिलं, "लागला की बोट वर करा." पंचवीस हर्ट्झला काही नाही. तीसच्या पुढे गेले आणि बोट वर आलं. मी तिथेच थांबवलं. एकतीस.

बाबा म्हणाले, "हे चढावरचं आहे गं. मालगाडी मागे ओढते ना, तेव्हा पायाखालून येतं ते. थांब, बंद नको करूस."

बंद केलं नाही. बाकीचं जुळवणं नंतर झालं: छोट्या स्पीकरांनी आवाज कुठे सोडायचा आणि डब्याने कुठे उचलायचा, दोघांची वेळ एक करणं, पातळी. पण पाया ते एकतीस. त्या रात्री बाबांनी जेवताना आईच्या फोटोकडे बघून सांगितलं, "शारदे, ऐकू येतंय." मी आणि कौशिक दोघंही पानावर होतो. कौशिकला हे आठवत नाही असं त्याने म्हणू नये.

आता कपाट. बैठक लांबट आहे. डबा टोकाच्या भिंतीला गेला की नेमका हाच सूर दोन्ही टोकांना फुगतो आणि लांबीच्या मधोमध जवळजवळ मरतो. सोफा दुसऱ्या टोकाला आहे. दिवाण बरोबर मधे. म्हणून सोफ्यावर बसून कौशिक म्हणतो, "क्या दम है, यार!" आणि त्याच क्षणी दिवाणावर काही नसतं. बाबांनी सोफ्यावर बसावं, हा त्याचा सल्ला. सोफा बुटका आहे, आणि मांडीचं हाड मोडल्यापासून बाबांना तिथून आधाराशिवाय उठता येत नाही. हे त्याला ठाऊक आहे. दवाखान्यात बाबांना त्यानेच उचलून नेलं होतं.

हे सगळं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "आभा, पाहुणे येतात, तो डबा मधे बरा दिसत नाही. आणि बाबांना तसंही कुठे काय ऐकू येतं!"

बाबा समोर होते. आवाज त्यांच्यापर्यंत गेला नाही. कौशिकचा चेहरा मात्र पोचला.

मी डबा परत आणला की बाबांना आवाज लागायचा. मी गेले की थांबायचा. दुसऱ्यांदा तसं झाल्यावर बाबा मला म्हणाले, "तू आलीस की वाजतं, गेलीस की नाही. आवाज वाढवून माझी समजूत घालतेस. राहू दे पोरी. होतं तेही गेलं." मी पाटीवर सगळं लिहिलं, आकृती काढली. त्यांनी पाटी माझ्या हातातून घेतली आणि पुसली. पाटीवर कौशिक आधी लिहून गेला होता. म्हणून आता हे फक्त कौशिकच दुरुस्त करू शकतो.

कलम तिसरे. मोजणीचा मायक्रोफोन, लॅपटॉप आणि स्टँड माझी सहकारी मृदुला हिला. ती वस्तू जिथून उचलते तिथेच परत ठेवते.

कलम चौथे. बँकेतली सर्व शिल्लक बाबांच्या औषधपाण्याला. व्यवहार मृदुलाने पाहावा. या कागदाची अंमलबजावणीही तिनेच करावी. कौशिकने मदत देऊ केली तर आभार मानून नको म्हणावं.

कलम पाचवे. देविका वहिनीला डब्याखालचे चार रबरी पाय. डबा खणात गेल्यापासून वरचे काचेचे पेले खणखणतात, आणि ती कामवालीवर ओरडते, "ठीक से रखती नहीं क्या?" कामवालीचा दोष नाही. या पायांनी खणखण थोडी कमी होईल. पूर्ण थांबणार नाही.

कलम सहावे. माझा भाऊ कौशिक याला कापसाचे दोन बोळे. ते कानांत घट्ट घालून त्याने बाबांच्या दिवाणावर बसावं, डबा कपाटात असताना एक अख्खा सिनेमा बघावा, आणि मधे कोणी हसलं तर आपणही हसावं, कारण बाबा सगळ्या दिवाळीत तसंच करत होते.

कलम सातवे. माझ्या दहाव्याला कौशिकने चार शब्द बोलू नयेत. "फार हुशार होती" हे तर मुळीच नाही. हुशारी जिवंतपणी ऐकून घ्यायची असते.

कलम आठवे. पहिलं कलम मी हयातीत बदलू शकते, आणि एकाच रीतीने बदलेन. कौशिकने डबा स्वतःच्या हाताने दिवाणाच्या उशाशी आणावा. बाबांना हात धरून तिथे बसवावं. पाटीवर लिहावं, "कान गेले नव्हते. मी डबा हलवला होता, आणि मला माहीत होतं." हे शेवटचे चार शब्द गाळलेले चालणार नाहीत. मग मी तोच आवाज लावीन. बाबांचं बोट वर आलं तर खालचा मजला कौशिकच्या दोन्ही मुलींच्या नावे लिहीन. कौशिकच्या नावे नाही.

सही करताना शेजारचे गोविंदराव काका, बाबांच्या गाडीवरचे जुने गार्ड, म्हणाले, "बेटा, तुझ्या वयात लोक लग्नपत्रिका छापतात, तू हे काय छापतेस?" काकू म्हणाल्या, "तुम्ही सही करा. बरोबर लिहिलंय तिने." दोघांनी संपूर्ण वाचलं, मी त्यांच्यासमोर सही केली, त्यांनी माझ्यासमोर. दोघांना यातून काहीही मिळणार नाही.

सही: आभा जगन्नाथ टेंबे
साक्षीदार: गोविंदराव काणे, नगरा
साक्षीदार: कांचन गोविंदराव काणे, नगरा
स्थळ: झाशी
दिनांक: १२ जानेवारी २०२६

प्रत: कौशिक जगन्नाथ टेंबे यास, हातपोच.

दादा, सोमवारी, २६ तारखेला, कचेरीला सुट्टी आहे. मंगळवारी मी हा कागद नोंदवायला जाणार आहे. तुझं उत्तर मला फोनवर नको आणि तोंडीही नको. रविवार, २५ जानेवारीपर्यंत उत्तर दे. बाबांच्या पाटीवर, त्यांच्यासमोर.