रुक्माच्या गाण्यांची प्रस्तावना

भिलाई, ८ मार्च १९६०

आदरणीय अन्नपूर्णाताईस,
शेषरावचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुमच्या भावजयीची, रुक्माची, गाणी छापून राहिलो. भीमजयंतीला पुस्तक निघालंच पाहिजे. दुर्गचा छापखानावाला बत्तीसच पानं देतो. प्रस्तावना मी लिहिली, ती वीस पानांची झाली, म्हणून बरीच गाणी काढावी लागली. तेव्हापासून रुक्मा मले जेवायला वाढते, पण बोलत नाही. तुम्ही हेडमिस्ट्रेस, शुद्धलेखन तेवढं तपासून धाडा.

माया आहे तशीच असू द्या.
तुमचा शेषराव

नागपूर, १४ मार्च

चि. शेषरावास अनेक आशीर्वाद.

शुद्धलेखन ठीक आहे. बाकी काहीच ठीक नाही. तू फोरमनचे, रशियन साहेबाचे, त्याच्या दुभाष्याचे आणि क्वार्टर देणाऱ्या बाबूचे आभार मानलेस. तुझा हिवताप दीड पान चालला आहे. रुक्मा एकदाच येते, तीही चहा घेऊन. ही गाणी कुठे जुळली, कोण गातं, परक्यानं ती का वाचावी, हे तुझा हिवताप सांगणार का? प्रस्तावना लिहिणाऱ्यानं दार उघडून बाजूला व्हायचं असतं. तू दारातच खाट टाकलीस. कॉलेजात मी प्रस्तावना गाळूनच पुस्तकं वाचत असे, ते तुझ्यासारख्यांमुळेच.

तू गाणी ऐकलेली दिसत नाहीत. आधी सगळी ऐक, मग एक पान लिही. तुझी वीस पानं परत मिळणार नाहीत. पाठकोरी आहेत, मुलींना गणितं करायला दिली.

राग उतरला की खुशाली कळव.
तुझी ताई

भिलाई, २७ मार्च

आदरणीय ताईस,
रुक्माचा जयभीम.

तुमचं पत्र वाचून हे दोन दिवस फुगून बसले. मग सुटीच्या दिवशी चुलीपाशी बसले न् म्हणाले, म्हण. कारखान्याच्या बांधकामावर गिट्टी वाहताना आम्ही बाया म्हणत होतो ती सारी मी भाकरी थापता थापता म्हटली. ‘क्वार्टर दिलं कारखान्यानं, नवरा नेला शिफ्टनं’ याला मान डोलावली. घोरणाऱ्या नवऱ्याच्या गाण्याला पोटभर हसले. कुत्र्याला भिऊन बायकोला पुढे धाडणारा नवरा आला, तेव्हा विचारलं, हा कोण बुवा? शेजारची भीमाबाई भिंतीपलीकडून ओरडली, भाऊजी, तुमीच!

मग म्हणे, ही गाणी काढ. मी म्हटलं, एकही काढलं तर पुस्तकच नको, तसं ताईले कळवते. तुमचं नाव ऐकून प्रस्तावनेचा कागद घेतला. दुपारभर लिहीत न् खोडत बसले. उरलं एकच वाक्य: ‘या पुस्तकातला नवरा मी नव्हे.’ खाली सही.

बत्तीस पानांत सगळी गाणी बसली, ताई. छापखानावाल्यानं ते वाक्य वाचलं न् उभ्याउभ्याच पुस्तक वाचून काढलं.

लोभ वाढवा, कमी नको.
तुमची रुक्मा