शोधनिबंध मागे घेण्याबाबत, माझ्या पश्चात

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, संगणकीय जीवशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, पूर्ण शुद्धीवर आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. विभागातल्या सहकाऱ्यांचे मत घेतलेले नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतली ठेव पुतणीला. मी नक्की काय काम करतो, हे तिने कधीही विचारले नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे.

२. सूक्ष्मदर्शक माजी विभागप्रमुखांना द्यावा. माझ्या कामाला ते आयुष्यभर 'टायपिंग' म्हणत. यंत्र कोरे करकरीत आहे. छत्तीस वर्षांत मी मांजराखेरीज एकाही जिवंत प्राण्याला हात लावला नाही, आणि मांजरालाही ते पसंत नव्हते.

३. ज्या शोधनिबंधामुळे मला पदक आणि खिडकीची खोली मिळाली, तो चुकीचा आहे. जनुकांच्या जागा एका फाइलमध्ये शून्यापासून मोजलेल्या होत्या, दुसरीत एकापासून. मी दोन्ही तशाच जोडल्या. सगळ्या जागा डीएनएच्या एका अक्षराने सरकल्या आणि जिथे काहीच नव्हते तिथे मला मोठा शोध लागला. एका विद्यार्थिनीने हे भर बैठकीत दाखवले. मी म्हणालो, "आधी स्वतःचा प्रबंध पुरा करा, मग माझ्या चुका काढा." त्याच दुपारी दार लावून तपासले. तिचे बरोबर होते. मी मूग गिळून बसलो, वर तिच्या शिफारसपत्रात 'स्वभाव वादग्रस्त' असे लिहिले. तिने संशोधन सोडले. आता ती शाळेत गणित शिकवते. मला याची लाज वाटते. निबंध मागे घेण्याचे पत्र, तिच्या नावासह, टेबलाच्या खणात आहे. माझ्या पश्चात ते नियतकालिकाला पाठवावे.

इथवर वाचून माझ्या थोरल्या बहिणीने पेन खाली ठेवले. ती साक्षीदार असल्याने तिला या मृत्युपत्रातून काहीच मिळणार नाही, त्यामुळे ती स्पष्ट बोलते. म्हणाली, "म्हणजे त्या पोरीने तू मरायची वाट बघायची? आणि तू शंभरी गाठलीस तर? आत्ता पाठव, नाहीतर सही दुसऱ्या कुणाची घे."

४. कलम ३ मधले शेवटचे वाक्य रद्द. पत्र आज सकाळी अकराला पाठवले, प्रत विद्यार्थिनीला. शाळेच्या मधल्या सुट्टीत तिचे उत्तर आले: "मिळालं, सर. तिसरी आकृतीही चुकली आहे. त्या दिवशी तिथपर्यंत पोचलेच नाही."

तपासली. चुकली आहे. दुसरे पत्र लिहायला घेतले आहे. तिला दाखवल्याशिवाय पाठवणार नाही.

स्थळ: माझे जेवणाचे टेबल. दिनांक: अकरा मार्च.
सही: प्राध्यापक (निवृत्त)
साक्षीदार: १. थोरली बहीण. २. खालच्या मजल्यावरचे दंतवैद्य. मजकूर वाचायला मागत होते, दिला नाही.