पाच वेळा पोटभर

पूर्व लोंबोक, ३ ऑगस्ट १९९३

अमाक सेनी यांस नुरेनाचा सलाम वि. वि.

आम्ही सगळी खुशाल. तुमची सेनी अडीच महिन्यांची झाली. दूध एवढं येतं की ती पिऊन झोपली तरी माझे कपडे भिजतात. सासूबाई म्हणतात, गाईलासुद्धा लाजवलंस.

शेजारच्या रासिपची बायको सुमेना बाळंतपणात गेली. मुलगा वाचला, माहिर नाव ठेवलंय. डब्याच्या दुधानं त्याला हगवण लागते, म्हणून पेजेच्या पाण्यावर ठेवलाय. आळीत अंगावर पाजणारी मी एकटीच. मी पाजते म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, नवऱ्याला विचारल्याशिवाय नाही. मशिदीतल्या तुआन गुरूंचंही तेच. पाच वेळा पोटभर पाजलं की ते पोर आपलं दोघांचं दूधलेकरू, बाप म्हणून तुम्हालाही विचारलेलं बरं. रासिप तर हटूनच बसलाय, मुहसानच्या होकाराशिवाय त्याच्या घरचा थेंब नको म्हणून. पाटाच्या पाण्यावरून तुमच्या दोघांत झालेली मारामारी मी विसरलेली नाही. पण पोर रडतं ते कुडातून ऐकू येतं, आणि ते रडलं की मला पान्हा फुटतो. काढून केळीच्या बुंध्याशी ओतते.

गावातला माह्रिप शुक्रवारी तिकडे कामाला निघालाय, त्याच्या हाती हे देते. हो की नाही एवढंच लिहा, गोड बोलणं नंतर. आमच्यावर जीव आहे तसाच राहू द्या.

तुमची
नुरेना

*

सारावाक, लाकडाचा कॅम्प, २४ ऑगस्ट १९९३

प्रिय नुरेनास मुहसानचा सलाम वि. वि.

पत्र आज पोचलं. अक्षराला हसू नकोस. शाळा चौथीत सुटली आणि करवतीनं बोटं वाकडी झाली. अमाक सेनी, सेनीचा बाप, असं लिहिलंस ते चारदा वाचलं. या वर्षातला हा तिसरा कॅम्प. इथंही मन लागत नाही. जळवा आणि खारी मासळी, दुसरं काही नाही.

रासिप आता बरा आला वळणावर! बांध फोडून माझा पाट स्वतःकडे वळवला, वर पंचांसमोर मलाच खोटं पाडलं. त्याच्यामुळे घर सोडून मी इथं झाडं पाडतोय. त्याला म्हणावं, पाट मी वळवला असं कागदावर लिहून खाली अंगठा उठव. कागद तुझ्या हातात पडला की पाज खुशाल. होऊ दे माझं दूधलेकरू, बापासारखं चोर निघालं नाही म्हणजे मिळवलं. माझ्या इनाकला सांग, तिचा मुलगा काही अगदीच बावळट नाही.

कॅम्पचा आचारी आजच्या होडीनं गावी निघालाय, म्हणून घाईत लिहिलं. चूकभूल पोटात घालून लोभ ठेव.

तुझा
मुहसान

*

सारावाक, २७ ऑगस्ट १९९३

नुरेना,

सलाम नंतर. पाज. कागद नको, अंगठा नको. पाज.

काल जेवताना कॅम्पातल्या म्हाताऱ्या सिदिकला मोठ्या ऐटीत सांगितलं, पत्रात काय लिहिलं ते. म्हटलं हसेल. तो ताट उचलून दुसऱ्या टोकाला जाऊन बसला. मग मी एकटाच बसलो आणि डोळ्यांसमोर सेनी आली, पेजेचं पाणी पिणारी. तिला मी पाहिलेलंसुद्धा नाही.

धक्क्यावर धावलो. होडी जाऊन दोन दिवस झालेले. खालच्या गावापर्यंत पोहत जातो म्हटलं तर मुकादमानं वेड्यात काढलं. पुढची होडी पंधरा दिवसांनी. तोवर हे पत्र खिशात. रोज उठतो, नदी बघतो, झाडं पाडतो. आपला पाट त्यालाच राहू दे. पोर तगलंय एवढं कळव.

माफी तरी कोणत्या तोंडानं मागू? रागाव, पण लिही.

मुहसान

*

पूर्व लोंबोक, १९ सप्टेंबर १९९३

अमाक सेनी यांस सलाम वि. वि.

तुमचं २४ ऑगस्टचं पत्र आचाऱ्यानं परवा दिलं. सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नाही, म्हणून मोठ्यानं वाचलं. कुडापलीकडे रासिप होता, हे लक्षात आलं नाही.

मी तुमच्या होकारापर्यंत थांबले नाही. चौदा दिवस वाट पाहिली, मग माहिरचं रडणंच बारीक झालं. रासिप रानात गेला की कुडाखालून शिरायचे आणि पाजायचे. आधी त्याला ओढता येईना, चमच्यानं घातलं. मग ओढायला लागला. पाच वेळा पोटभर प्यायला, मी मोजलंय. सहाव्या वेळी तोंड उघडलं नाही. २१ तारखेला माझ्या मांडीवर गेला. तुम्ही पत्र लिहायला बसलात तेव्हा त्याला पुरून तीन दिवस झाले होते.

तेव्हा मी सगळं कबूल केलं. रासिप ओरडला नाही. एवढंच विचारलं, आधी का नाही आलीस? तुआन गुरू म्हणाले, पाच झाले, आता तो मुहसानचाही मुलगा.

काल सकाळी रासिप दारात आला. त्यानं पाट पुन्हा तुमच्या शेताकडे वळवलाय. हातात कागद होता, खाली निळा अंगठा. म्हणाला, मुहसाननं मागितलाय, पाठवून दे. मी म्हटलं, आता कशाला? तो कागद पायरीवर ठेवून गेला. लोक त्याला अमाक माहिर म्हणून हाक मारतात, तो ओ देत नाही.

कागद सोबत जोडला आहे. सेनी बरी आहे. दूध अजून तेवढंच येतं.

उत्तराची घाई करू नका. आमच्यावर जीव असू द्या, आणि माहिरसाठी तिकडे दुआ मागा. बाप म्हणून तुम्हालाही मागावी लागेल.

तुमची
नुरेना