येनातलं सुरिनाम

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहीन लिहीन म्हणत दिवाळी गेली. आळस, दुसरं काही नाही. आता मधूनच सुरू करते – मी सध्या सुरिनामच्या कॉन्सुलेटमध्ये काम करते! खोटं नाही. म्हणजे इथे जर्मनीत, येना शहरात, चष्म्याच्या दुकानात मिनिजॉब – आठवड्याला थोडेच तास. पण मालक, हेर लिंडनर, सुरिनामचे मानद कॉन्सुल आहेत. दाराला पितळी पाटी, आत फ्रेमच्या कपाटामागे एक टेबल आणि झेंडा. ते टेबल म्हणजे कॉन्सुलेट. जुने चष्मे गोळा करून ते वर्षानुवर्षं तिकडच्या जंगलातल्या गावांना पाठवतात. तिथलं सरकार खूश झालं, पद दिलं. पगार नाही.

मी राहते ती विभावरी मावशीकडे. तिला सांगितलं. "कॉलेज अर्धवट, जर्मनचा कोर्स अर्धवट, आता परराष्ट्र धोरण का?" काकांनी मोबाईलमधून मान वर न करता विचारलं, "गयानाच्या शेजारी ना ते? क्रिकेट खेळतात?"

"नाही काका, फुटबॉल."

"मग काय उपयोग."

१९ नोव्हेंबर

सुरिनामच्या एम्बसीतून फोन. पंचवीसला एक साहेब येणार. निमित्त स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं, पण खरं काम पाहणी – येनातलं कॉन्सुलेट ठेवायचं की बंद करायचं. लिंडनर पाटी पुसत म्हणाले, "ही गेली की मी नुसता चष्मेवाला." मग पुसतच राहिले. मला कसंतरी झालं. म्हटलं, आल्झो, म्हणजे चला तर, समारंभाला माणसं मी जमवते!

२० नोव्हेंबर

मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकलं. पहिला प्रश्न – जेवण आहे का? दुसराही तोच.

२५ नोव्हेंबर

काय दिवस होता! सगळं मंडळ आलं, फ्रेमच्या कपाटांना माणसं चिकटून उभी. मावशीच्या पोळ्या आणि बटाट्याची भाजी साहेबांनी पुन्हा मागून घेतली – म्हणाले, आमच्याकडे भारतातून गेलेल्या लोकांची रोटी अशीच. आणि समारंभ म्हटल्यावर आपली माणसं ऐकतात होय? निहार पीएचडी लेझरमध्ये करतो, पण जन्मलाय सूत्रसंचालनासाठी. स्वागत, प्रास्ताविक, मग दोघांना शाल-श्रीफळ. लिंडनरना वाटलं ही सुरिनामची पद्धत. त्यांनी नारळ भक्तिभावाने कपाळाला लावला. साहेबांना वाटलं ही जर्मन पद्धत, त्यांनीही लावला. मी हसू दाबायला कपाटामागे पळाले.

तिथूनच ऐकू आलं. साहेब हळूच विचारत होते, "छान. पण यातले सुरिनामचे कोण?"

"कोणी नाही."

"आणि एरवी? आमचं कोणी येतं इथे?"

"आजवर नाही." लिंडनरना खोटं बोलता येत नाही.

"मग हे कॉन्सुलेट कोणासाठी?"

पलीकडे निहारचं आभारप्रदर्शन चालूच. साहेब एवढंच म्हणाले, सकाळी सांगतो. लिंडनर नंतर शाल पांघरूनच बसून होते.

२६ नोव्हेंबर

दुकानातूनच खरडतेय. साहेब निरोप घ्यायला आले, "हेर लिंडनर, वाईट वाटतं, पण –" इथपर्यंत पोचले, तेवढ्यात दार उघडलं. एक मुलगी. पाठीवर केवढं तरी वाद्य, डोळे रडून लाल. ट्रेनमध्ये बॅग गेली, सुरिनामचा पासपोर्ट त्यातच. "सुरिनामचं कॉन्सुलेट हेच ना?" तिने सरळ साहेबांनाच विचारलं.

साहेब बाजूला सरकले. लिंडनरांकडे हात करून म्हणाले, "आमचे कॉन्सुल ते. त्यांच्याशी बोला."