पाठीमागून काढलेली छाती

डॉक्टरसाहेब, माझ्या उजव्या छातीत पाणी झालंय. तुम्ही असतात तर आधी विचारलं असतं, कुणी सांगितलं? मशीननं सांगितलं. काल एका तरुण डॉक्टरनं माझ्या पाठीला थंडगार मलम फासून पडद्यावरचा काळा डाग दाखवला आणि म्हणाला, "आजी, हे पाणी. परवा थोडं काढू, तपासू, मग कशामुळं झालंय ते कळेल." मुलगा चांगला आहे, हात हलका आहे, बोलण्यात घाई नाही. पण त्यानं माझ्या पाठीवर एकदाही बोट ठोकून पाहिलं नाही. आज दुपारी जेवण झाल्यावर खिडकीकडं तोंड करून स्टुलावर बसले होते. घरात मी एकटीच असते. उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली कुणीतरी बोट सपाट टेकवलं आणि त्यावर दुसऱ्या बोटानं दोनदा ठोकलं. मग एक बरगडी खाली, पुन्हा दोनदा. मी वळले नाही. तुमच्यासमोर बसलेला पेशंट कधी वळत नसे.

घाबरले नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. घाबरले, पण त्याहून जास्त ओशाळले. या शहरात तुमच्या नावावर एक चूक टाकली गेली, ती तुमची नव्हती, आणि ते ज्या एका माणसाला ठाऊक होतं ती मी. पन्नासहून जास्त वर्षं झाली. ज्यांनी ती चूक बोलून दाखवली ते सगळे गेले. आता मीही जायच्या तयारीत आहे, म्हणून लिहायला बसले.

पोलीस ॲक्शनला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं झाली होती. तुम्ही डॉक्टरी उर्दूतून शिकलेले, निजामाच्या नोकरीतून सरकारी दवाखान्यात तसेच पुढं आलेले. आम्ही नवी पोरं इंग्रजीतून शिकून आलो होतो आणि तुमच्या शेरवानीला मागून हसत होतो. मी तुमच्या हाताखाली आले त्याच दिवशी तुम्ही मला पेशंटच्या मागं स्टूल टाकून बसायला लावलंत. तुम्ही छाती नेहमी पाठीमागूनच तपासत होता. "सामने बैठेंगे तो वो अपना मूँ देखता," तुम्ही म्हणालात, "डॉक्टरच्या तोंडावरून माणूस आपलं मरण वाचतो, बेटी. पाठ द्यायला सांग त्याला." मग जिभेला लावून ओल्या केलेल्या कॉपिंग पेन्सिलीनं, जिथं आवाज दगडासारखा बद्द होतो तिथं पाठीवर एक जांभळी रेघ ओढायची, आणि तीच कागदावर छातीचं चित्र काढून दाखवायची. "मी मागून बघतो म्हणून मागून काढतो. लक्षात ठेव." मी मान डोलावली. खरं तर तुमच्या हाताखाली काढलेल्या दोन महिन्यांत तो बद्द आवाज मला एकदाही नीट कळला नाही. तुम्ही माझं बोट धरून ठोकायला लावायचात, विचारायचात काय ऐकू आलं, आणि मी तुमच्या चेहऱ्याकडं बघून उत्तर द्यायची. मागं बसून मी तुमचंच तोंड वाचत होते.

पिशोरची ती बाई आठवते ना तुम्हाला? वीस-एकवीस वर्षांची, चार महिन्यांची बाळंतीण, आडवं पडलं की दम लागायचा म्हणून रात्रंदिवस उशीला टेकून बसलेली. छातीत पाणी होतं. दिराला क्षय होता, म्हणून आल्या आल्या क्षयाची इंजेक्शनं सुरू झाली होती आणि सासूनं लेकरू तिच्यापासून तोडून घरी ठेवलं होतं. दूध आटवायला तिच्या छातीवर पट्टा बांधला होता. क्षय ठरला तर ती माहेरी जाणार आणि पोर सासरी राहणार, हे सासूनं वॉर्डातच सांगून टाकलं होतं. तुम्ही तिच्या सुजलेल्या घोट्यावर अंगठा दाबलात, मग उचललात, आणि तो खड्डा भरून येईपर्यंत बघत बसलात. "पानी मेहमान है," तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात. "किदर से आया, वो पूछना पडता. सगळे त्याला छातीच्या घरचाच समजतायत." तुम्हाला तिच्या हृदयाचा संशय होता. एक्स-रेचं मशीन बंद पडलं होतं, फोटो निघत नव्हता. मी दुसऱ्या पेशंटकडं असताना तुम्ही ठोकून रेघ ओढलीत, कागदावर चित्र काढून टेबलाच्या खणात ठेवलंत आणि म्हणालात, सोमवारी पाणी काढू. गुरुवारी दुपारी घरी जेवून तुम्ही आडवे झालात आणि उठला नाहीत.

सोमवारी मी एकटी होते. दवाखान्याचे प्रमुख, मोठे साहेब, दहाला राउंडला येणार होते आणि त्याआधी पाणी बाटलीत दिसावं अशी माझी इच्छा होती. बाईचा पदर सरकवला तर पाठीवर रेघ नाही. सासू खाली बसली होती, ती शांतपणे म्हणाली, "म्या पुसली. तेल लावून घासली. आमच्याकडं बकऱ्याला अशी खूण करतेत, मग कापायला नेतेत." मी तिच्यावर चिडले, खणातून तुमचा कागद काढला. चित्रात पाणी कागदाच्या उजव्या हाताला होतं. आम्हाला शिकवलेली छाती समोरून काढलेली असायची. तिच्यात कागदाचा उजवा म्हणजे पेशंटचा डावा. मी बायकांच्या वॉर्डात करायचं तसं फक्त डावी बाजू उघडी ठेवली, बाकी सगळं लुगड्यानं झाकलं आणि सुई हातात घेतली.

"इकडं नाय, बाई," ती म्हणाली. "ते तिकडं ठोकून गेले."

"कोण?"

"म्हातारे डाक्टर. आत्ताच तर व्हते. माझ्या मागं बसले व्हते."

मी तिला म्हणाले, ते गेले, चार दिवस झाले. मान थोडी वळवून ती माझ्या मागच्या रिकाम्या स्टुलाकडं बघत राहिली. ते स्टूल मी आणलं नव्हतं. वॉर्डात स्टुलं इकडची तिकडं होतातच, तेव्हाही मी स्वतःला हेच सांगितलं. एकदा बोट टेकवून ठोकलं असतं तर दोन सेकंद लागली असती. मी ठोकलं नाही. आपल्याला ऐकू येत नाही हे त्या बाईसमोर, तिच्या सासूसमोर, पुन्हा एकदा कळायला नको होतं मला.

मी डावीकडं सुई घातली. पाणी आलं नाही. हवेचे बुडबुडे आले, मग थोडं रक्त. ती खोकली, ओठ काळे-निळे पडायला लागले. चांगल्या फुप्फुसात सुई गेली होती. मी नर्सला हाक मारली, आम्ही दोघींनी तिला पुढं वाकवलं आणि लुगडं पूर्ण खाली पडलं. तिच्या उजव्या पाठीवर, फऱ्याखाली, जांभळी रेघ होती. पुसट नाही, ठळक. कॉपिंग पेन्सिल घामानं पुन्हा वर येते, हे मला माहीत आहे, मी हे आयुष्यभर स्वतःला समजावलंय. पण मी त्या रेघेला बोट लावलं तर बोट जांभळं झालं, आणि तेलानं घासलेल्या कातडीवर चार दिवसांनी एवढा रंग उरतो का ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तेव्हाच मला तुमचं वाक्य आठवलं, मागून बघतो म्हणून मागून काढतो.

ती वाचली. तीन दिवस प्राणवायूवर होती, पण वाचली. त्या सकाळी मोठे साहेब आले तेव्हा तुमचा कागद माझ्या हातात होता. त्यांनी तो घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "म्हातारे झाले होते. उलटं काढलंय बघा." सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मला एवढंच म्हणायचं होतं की उलटं नाही, मागून काढलंय. मी म्हणाले नाही. पुढं कित्येक वर्षं त्या वॉर्डात कुणी बाजू चुकला की म्हणत, म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांचा कागद बघितला वाटतं. तुमच्या खणातले बाकीचे कागद कंपाउंडरनं त्याच आठवड्यात काढून टाकले.

पाचव्या दिवशी मी उजव्या बाजूचं पाणी काढलं. रेघेवरच सुई घातली आणि ते आलं, फिकट, स्वच्छ. तुम्ही दाखवलं होतं तसं उंच काचेच्या नळीत साधं पाणी घेतलं, त्यात ॲसिडचे दोन थेंब टाकले आणि वरून तिच्या छातीतला एक थेंब सोडला. क्षयाचा असेल तर तो थेंब विडीच्या धुरासारखी पांढरी रेघ सोडत तळाला जातो. मी वाट बघत राहिले. थेंब पडला आणि विरघळून गेला, काहीच मागं राहिलं नाही. पाणी दुसऱ्याच्या घरचं होतं, हृदयाचं. इंजेक्शनं थांबली, लघवीचं औषध सुरू झालं आणि दहा-बारा दिवसांत ती आडवी झोपायला लागली. पोराला आणून तिच्या मांडीवर दिलं तेव्हा सासू मला म्हणाली, "तुमच्या हाताला यश हाय." मी ते घेतलं. तेही तुमचंच होतं.

तुमच्या चाळिसाव्या दिवसाच्या फातिह्याला मी घरी आले होते. बेगमसाहेबांनी मला आत स्वयंपाकघरात नेलं. त्या चुलीसमोर पाटावर बसल्या होत्या, डोळे कोरडे होते. कंपाउंडरकडून सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांनी विचारलं, "सच बोल बेटी. उनसे गलती हुई क्या?" मी आजवर हे आठवताना स्वतःला सांगत आले की मी गप्प राहिले. गप्प राहिले नाही. मी म्हणाले, "हुई." मग उठून त्यांनी डब्यात गोड भात भरला, वर खोबरं घातलं, फडक्यात बांधला आणि माझ्या हातात दिला. म्हणाल्या, "उस बच्ची को दे. बोलना, उनकू माफ कर दे." ती बाई तेव्हा वॉर्डातच होती, दोन दिवसांनी घरी जाणार होती.

हे पत्र पाठवायचं कुठं ते मला माहीत नाही, आणि माहीत असतं तरी पाठवलं असतं का, सांगता येत नाही. उद्या तो मुलगा माझ्या पाठीत सुई घालेल. पाणी कुठून आलंय ते त्याला कळेल. मला त्याची फारशी उत्सुकता नाही. एक मात्र सांगायचं राहिलं. तो डबा मी वॉर्डात नेला नाही. नेला असता तर ती म्हणाली असती, त्यांनी कुठं काय चुकी केली, ते तर बरोबर बाजूलाच ठोकत व्हते. तिनं हे चार लोकांत म्हणायला नको होतं मला. हॉस्टेलच्या खोलीवर दार लावून बसले आणि तो सगळा भात मी एकटीनं खाल्ला.